डॉल्फिनच्या पाठीवरचा टॅग पाण्याला किती अडवतो: हिशेब, चाचणी आणि जागेची निवड

चालत्या होडीतून हात पाण्यात सोडून पाहा. बोटं मिटून तळहाताची कड पुढे ठेवली तर पाणी हाताला सहज वाट देतं. तोच तळहात प्रवाहासमोर उघडा धरला की खांदा मागे खेचला जातो. हात तोच, त्याचं वजन तेच, तरी पाण्याचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. डॉल्फिन, सील किंवा देवमाशाच्या अंगावर माग काढणारा टॅग, म्हणजे नोंदी घेणारं छोटं यंत्र, बसवताना नेमकं हेच घडत असतं. फरक इतकाच की आपण हात काढून घेतो, आणि तो प्राणी आठवडे किंवा महिने ते तसंच ओढत राहतो.

पाणी पोहणाऱ्याला मागे रेटतं त्या जोराला ड्रॅग म्हणतात. समुद्राच्या पाण्याची घनता हवेच्या आठशे पटींहून जास्त आहे, म्हणून हवेत नगण्य वाटणारी वस्तू पाण्यात ओझं होते. हा लेख प्राणिशास्त्राच्या आणि इंजिनिअरिंगच्या त्या विद्यार्थ्यांसाठी आहे ज्यांना टॅग बनवायचा, निवडायचा किंवा टॅगने आणलेल्या नोंदी वाचायच्या आहेत. बहुतेक गणित शाळेतलंच आहे. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा, कारण आकडे स्वतः मांडल्याशिवाय ही गोष्ट अंगवळणी पडत नाही.

आधी एक प्रयोग सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्युली व्हॅन डर हूप आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. चार पाळीव नर बॉटलनोज डॉल्फिनना ठरलेल्या मार्गावर पोहायला शिकवलं, कधी टॅगशिवाय, कधी टॅगसह. श्वास घ्यायला ते एकाच जागी वर यायचे, आणि तिथे त्यांनी किती ऑक्सिजन वापरला हे मोजलं जायचं. टॅग लावल्यावर ऑक्सिजनचा खर्च वाढेल अशी कुणाचीही अपेक्षा असेल. पण त्यात लक्षणीय फरक दिसलाच नाही. फरक पडला तो वेगात. टॅगशिवाय ते सरासरी सेकंदाला ३.७३ मीटर पोहत होते, टॅगसह ३.३१ मीटर. म्हणजे सुमारे ११ टक्के सावकाश.

प्राण्याने जादा खर्च केला नाही, त्याने आपली चाल बदलली. नुसता ऑक्सिजन पाहणाऱ्याने "टॅगचा काही परिणाम नाही" असं लिहून टाकलं असतं. आणि हाच टॅग रानातल्या डॉल्फिनवर असता, तर त्याने आणलेले वेग, बुड्यांची लांबी, शिकारीच्या वेळा या सगळ्यांत टॅगचा वाटा बेमालूम मिसळून गेला असता. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: ड्रॅगचा हिशेब हा प्राण्याच्या भल्याचा प्रश्न आहेच, पण तो तुमच्या मोजमापाच्या खरेपणाचाही प्रश्न आहे. टॅग लावून झाल्यावर तो करून उपयोग नाही.

वजनाचा नियम बाजूला ठेवा

पक्ष्यांवर यंत्रं लावणाऱ्यांनी एक सोपा नियम रुळवला: यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत असावं. पुष्कळ जण तोच पाण्यात आणतात आणि निर्धास्त होतात. दोनशे किलोच्या डॉल्फिनला तीनशे ग्रॅमचा टॅग म्हणजे ०.१५ टक्के, मग काळजी कसली?

पाण्यात हा हिशेब फसवा आहे. तीनशे ग्रॅमच्या टॅगचं आकारमान अडीचशे घनसेंटिमीटर असेल, तर पाणीच त्याचं जवळपास सगळं वजन उचलून धरतं आणि निव्वळ भार पन्नास ग्रॅमसुद्धा उरत नाही. पाण्यात महत्त्व आहे ते टॅग प्रवाहासमोर किती जागा अडवतो आणि त्याच्या मागे पाणी कसं मिटतं याला. रोरी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच आफ्रिकन पेंग्विनवर हे दाखवलं होतं: यंत्राचं समोरचं क्षेत्रफळ जसं वाढतं तसा पेंग्विनचा पोहण्याचा वेग घटत जातो. पेंग्विन सस्तन नाही, पण पाणी सगळ्यांना सारखंच अडवतं.

पहिली पायरी: टॅगशिवायचा प्राणी

सूत्र एकच आहे: ड्रॅग = ½ × पाण्याची घनता × वेगाचा वर्ग × क्षेत्रफळ × ड्रॅग गुणांक (वस्तूचा आकार पाण्याला किती अडवतो ते सांगणारा आकडा). घनता १०२५ किलो प्रति घनमीटर धरा, वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, उत्तर न्यूटनमध्ये येईल.

आपला डॉल्फिन २०० किलोचा आणि अडीच मीटरहून थोडा लांब आहे असं समजू. त्याच्या अंगाचं पाण्याला लागणारं एकूण क्षेत्रफळ सुमारे २.५ चौरस मीटर येतं. वेग सेकंदाला २ मीटर घेऊ. इतक्या निमुळत्या देहाचा गुणांक, एकूण कातडीच्या क्षेत्रफळावर मोजला तर, ०.००४ च्या आसपास असतो. आकडे घातले की उत्तर येतं साधारण २० न्यूटन. अडीच मीटरचा प्राणी माणसाच्या भरभर चालण्यापेक्षा जास्त वेगाने पाणी कापतोय, आणि पाणी त्याला अडवतंय फक्त दोन किलो पिठाची पिशवी उचलायला लागेल तेवढ्या जोराने. मला हा आकडा दर वेळी नव्याने थक्क करतो. पण टॅगचा त्रासही इथूनच सुरू होतो: मूळ ड्रॅग इतका कमी असल्यामुळे त्यात थोडी भर पडली तरी टक्केवारी भराभर चढते.

इथे एक चूक फार होते. ड्रॅग गुणांक हा नेहमी कुठल्या तरी क्षेत्रफळाशी जोडलेला असतो. डॉल्फिनचा ०.००४ हा कातडीच्या पूर्ण क्षेत्रफळावरचा आहे. टॅगचा गुणांक मात्र सहसा समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर दिलेला असतो. दोन्ही एकाच क्षेत्रफळाला लावले की उत्तर शेकडो पटींनी चुकतं. वहीत प्रत्येक गुणांकाशेजारी "कशावर" हे लिहून ठेवा.

दुसरी पायरी: टॅग, आणि त्याची अँटेना

टॅग ६ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच आहे असं धरू. समोरचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००१८ चौरस मीटर. टॅग सरळ कोपऱ्यांची डबी असेल तर गुणांक १ च्या आसपास धरावा लागतो. त्याच वेगाला ड्रॅग येतो ३.७ न्यूटन, प्राण्याच्या मूळ ड्रॅगच्या सुमारे १८ टक्के. मुठीत मावणारी वस्तू, आणि जवळजवळ पाचवा हिस्सा.

आता तीच डबी पुढून गोलसर आणि मागे निमुळती करू, तेवढ्याच रुंदी-उंचीत. गुणांक ०.३ पर्यंत खाली आला तर ड्रॅग १.१ न्यूटन, म्हणजे साडेपाच टक्के. आत बॅटरी तीच, सर्किट तेच. बाहेरच्या कवचाने दोन-तृतीयांशाहून जास्त भार उतरवला. यात मागची शेपटी पुढच्या गोलाईइतकीच कामाची आहे. पुष्कळ जण पुढून टोकदार करतात आणि मागे सपाट कापतात, मग त्या कापलेल्या पाठीमागे पाणी भोवऱ्यांत फुटतं आणि टॅगला मागे ओढत राहतं.

अँटेना हिशेबातून हमखास सुटते. मीसुद्धा पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा ती विसरलो होतो, काडीएवढ्या तारेने काय होणार म्हणून. पंधरा सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड तार घ्या. समोरचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर. गोल तारेचा गुणांक १.१ धरला तर ०.७ न्यूटन. म्हणजे छान घडवलेल्या टॅगच्या ड्रॅगच्या निम्म्याहून जास्त भर ती एकटी तार घालते. शिवाय ती पाण्यात थरथरते आणि टॅगच्या बुडाला सतत हिसके देते. तार लवचिक असेल आणि मागे कललेली असेल तर हा आकडा बराच उतरतो. उपग्रहाला संदेश पाठवायचा तर अँटेना लागतेच, कारण रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. पण ती किती लांब, किती जाड आणि कोणत्या कोनात, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

तिसरी पायरी: टक्क्यांचं रूपांतर वेगात आणि घासात

ड्रॅग वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो ओढायला लागणारी शक्ती घनाने. मूळ ड्रॅग आणि टॅगचा ड्रॅग दोन्ही साधारण वर्गानेच वाढत असल्यामुळे टक्केवारी प्रत्येक वेगाला जवळपास सारखी राहते. यावरून कुणी समजेल की वेगाने काही बिघडत नाही. पण सेकंदाला २ मीटर वेगाने डबीवजा टॅग ओढायला ७.४ वॅट लागतात, आणि ४ मीटरला त्याच्या आठपट, सुमारे ५९ वॅट. माशामागे झेप घेण्याचे, शार्कपासून पळण्याचे जे क्षण प्राण्याच्या जगण्या-मरण्याचे असतात, त्यांतच टॅग सगळ्यात महाग पडतो.

प्राण्याने शक्ती तेवढीच ठेवायची ठरवली तर वेग किती घटेल? एकूण ड्रॅग १.१८ पट झाला असेल तर १ भागिले १.१८ याचं घनमूळ काढा: ०.९४६. म्हणजे वेग साडेपाच टक्क्यांनी कमी. उलट वेग तोच ठेवायचा असेल तर जादा अन्न खावं लागेल. शेपटीची ढकलण्याची कार्यक्षमता ८० टक्के आणि स्नायूंची २५ टक्के धरा. ७.४ वॅटसाठी शरीराला आतून सुमारे ३७ वॅट जाळावे लागतात. दिवसभर त्याच वेगाने पोहत राहिला तर ३.२ मेगाज्यूल होतात. तेलकट माशाच्या एका ग्रॅममागे ६ किलोज्यूल धरले तर रोज अर्ध्या किलोहून थोडे जास्त मासे. बांगड्यात मोजायचं तर चार-पाच बांगडे. नीट आकार दिलेल्या टॅगला हाच हिशेब १६० ग्रॅमवर येतो, एखाद-दुसरा बांगडा. डॉल्फिन चोवीस तास एका वेगाने पोहत नाही, तेव्हा हे आकडे वरच्या टोकाचे समजा. पण डबी आणि निमुळतं कवच यांतला फरक पिल्लाला दूध पाजणाऱ्या मादीच्या पोटाला कळण्याइतका आहे.

प्राणी लहान असेल तर याहून सावध राहा. तोच डबीचा टॅग पन्नास किलोच्या पॉरपॉईजवर, म्हणजे डॉल्फिनच्या छोट्या नातेवाइकावर, लावला तर? त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ सुमारे १ चौरस मीटर, मूळ ड्रॅग साडेआठ न्यूटनच्या आत, आणि टॅगची भर ४४ टक्के. मोठ्या देवमाशावर हीच भर एका टक्क्याच्याही खाली जाते. टॉड जोन्स आणि सहकाऱ्यांनी समुद्री कासवांच्या शरीरांचे साचे वातबोगद्यात, म्हणजे ठरलेल्या वेगाने हवा सोडणाऱ्या बोगद्यात, ठेवून हेच तपासलं. मोठ्या प्रौढ कासवांवर टॅगमुळे ड्रॅगची वाढ ५ टक्क्यांच्या आत राहिली, तर छोट्या पिल्लांवर ती १०० टक्क्यांच्याही पुढे गेली. आपल्याकडे वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर २०२२ मध्ये प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी या ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले, त्या सगळ्या अंडी घालायला आलेल्या प्रौढ माद्या होत्या. तोच टॅग अर्ध्या वाढलेल्या कासवावर लावायचा विचार कुणी केला तर हिशेब पहिल्यापासून मांडावा लागेल.

चौथी पायरी: जागा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कातडीला लागून वाहणारं पाणी कातडीला धरून राहतं आणि मंद असतं. जसजसं बाहेर जावं तसा वेग वाढत पूर्ण होतो. या मंद पट्ट्याला सीमाथर म्हणतात, आणि तो नाकाडाकडून शेपटीकडे जाड होत जातो. सेकंदाला २ मीटर वेगाला, प्रवाह खळबळता धरून, नाकाडापासून १ मीटरवर तो सुमारे २ सेंटिमीटर जाड असतो, आणि २ मीटरवर साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे आपला ३ सेंटिमीटर उंचीचा टॅग पुढे लावला तर त्याचा वरचा भाग पूर्ण वेगाच्या पाण्यात उभा राहतो, आणि मागे लावला तर तो जवळपास पूर्णच मंद पाण्यात झाकला जातो. पुढे लावण्यात आणखी एक तोटा आहे: टॅगने ढवळलेलं पाणी मागच्या सगळ्या अंगावरून वाहतं आणि तिथलाही ड्रॅग वाढवतं. बॅनाश, विल्सन आणि कुलिक यांनी १९९४ मध्ये पेंग्विनच्या पाठीवरच्या यंत्रांसाठी हेच सुचवलं: यंत्र मागे सरकवा आणि त्याला पाण्याच्या ओघाचा आकार द्या.

मग सगळेच टॅग मागे का नसतात? कारण अँटेना हवेत यायला हवी. सील श्वास घ्यायला वर येतो तेव्हा आधी डोकं बाहेर येतं, म्हणून उपग्रहाशी बोलणारे टॅग त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर चिकटवतात, ड्रॅगच्या दृष्टीने ती गैरसोयीची जागा असली तरी. नुसती खोली आणि हालचाल नोंदवून ठेवणारा आणि नंतर परत मिळवायचा टॅग असेल, तर त्याला डोक्यावर बसवण्याचं कारण नाही. काय मोजायचंय हे पक्कं ठरलं की जागा निम्मी तिथेच ठरते.

डॉल्फिनच्या पाठीवरच्या पंखाचं गणित वेगळं आहे. पूर्वी मोठे टॅग पंखाच्या बाजूला दोन-तीन पिनांनी घट्ट बांधायचे. पाणी टॅगला मागे ओढायचं आणि तो ताण पिनांच्या भोकांवर यायचा, त्यामुळे पंखाला इजा व्हायची. आता छोटा टॅग पंखाच्या मागच्या कडेला एकाच पिनेवर बसवतात, म्हणजे तो वाऱ्यातल्या पताकेसारखा ओघाच्या दिशेने वळून राहतो. डॉल्फिन कुशीवर झाला, झटकन वळला, तरी टॅग आडवा पडत नाही. आपला वरचा हिशेब सरळ पोहण्याचा होता. वळणावर टॅग तिरपा पडला तर त्याचं समोरचं क्षेत्रफळ दुप्पटही होऊ शकतं, म्हणून बाजूने येणाऱ्या प्रवाहासाठीही एकदा आकडे काढा.

बसवताना टॅगच्या बुडाखाली फट ठेवू नका. फटीतून पाणी घुसलं की ते टॅगला उचलतं. पाठीवरून वाहणाऱ्या पाण्याने तसाही टॅग वर खेचला जातच असतो, आणि टॅग कातडीला धरून ठेवणारे सक्शन कप सुटण्यामागे हा वर खेचणारा जोर मोठं कारण असतो. केसाळ सीलवर इपॉक्सी या गोंदाने टॅग चिकटवताना पुढच्या कडेला इपॉक्सीचाच उतार काढा, बोटाने फिरवून गुळगुळीत करा. सरळ उभी कडा आणि तो उतार यांत मिनिटभराच्या कामाचा फरक आहे, आणि सील तो कात टाकेपर्यंत वागवणार आहे.

पाचवी पायरी: कागद सोडून पाण्यात

कागदावरचे गुणांक अंदाजाचे असतात, तेव्हा टॅगची प्रतिकृती ओढून पाहा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पोहण्याचा तलाव, बॅग मोजायचा हुकाचा डिजिटल काटा आणि साठ सेंटिमीटरची पातळ प्लायवुडची फळी पुरे. फळीची पुढची कड धारदार तासा, तिला वॉर्निश द्या, बुडून राहील इतकं शिसं लावा. आधी नुसती फळी, मग डबीचा टॅग लावून, मग निमुळता टॅग लावून, काठाने चालत सेकंदाला दीड मीटर वेगाने ओढा. दोरी लांब ठेवा. फळी पृष्ठभागाजवळ येऊ देऊ नका, कारण तिथे लाटा उठवण्यातच जोर जातो. शरीराच्या जाडीच्या तिप्पट खोलीखाली तो भाग नगण्य होतो. दीड मीटर वेगाला डबीमुळे काट्यावर सुमारे २०० ग्रॅमची भर दिसायला हवी, आणि निमुळत्या टॅगमुळे ६० ग्रॅमच्या आसपास. काट्याचे आकडे नाचतात, म्हणून मोबाईलने चित्रण करा, सुरुवातीचे दोन-तीन मीटर सोडून द्या आणि प्रत्येक रचनेच्या निदान दहा फेऱ्या घ्या.

वातबोगदा उपलब्ध असेल तर हवेतही हीच चाचणी होते. अट एवढीच की रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग गुणिले लांबी भागिले गतिक श्यानता, जुळला पाहिजे. हवेची गतिक श्यानता (घनतेच्या मानाने चिकटपणा) समुद्राच्या पाण्याच्या सुमारे पंधरापट आहे, तेव्हा पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीसाठी पाण्यातल्या १ मीटर वेगाला हवेत १५ मीटर लागतात. आपल्या २ मीटरला ३०. इंजिनिअरिंग कॉलेजांतले बरेच बोगदे तेवढा वेग देतात, फक्त पूर्ण डॉल्फिन त्यांत मावत नाही.

संगणकावर प्रवाह सोडवायचा असेल तर ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्राण्याचं त्रिमितीय स्कॅन घ्या. आधी टॅगशिवाय सोडवा आणि माहीत असलेल्या आकड्याशी ताडून पाहा. मगच टॅग बसवा. टॅगभोवतीची जाळी, म्हणजे हिशेबासाठी पाण्याचे पाडलेले चौकोन, दुप्पट बारीक केल्यावर उत्तर बदलत असेल तर अजून ते उत्तर नाही. टॅग आणि प्राणी वेगवेगळे सोडवून बेरीज करू नका. टॅगमुळे मागच्या अंगावरचा प्रवाह बदलतो, म्हणून एकूणातून मूळ वजा करूनच टॅगची किंमत काढायची असते.

प्राण्यावर लावल्यानंतर

रानात एक मूलभूत अडचण आहे: टॅग नसलेल्या प्राण्याच्या नोंदी मिळतच नाहीत, कारण नोंद घेणारं यंत्र म्हणजेच टॅग. तरी काही वाटा आहेत. एक म्हणजे दोन आकारांचे टॅग वापरून तुलना करणं. पाळीव प्राण्यांवर तर टॅगशिवायही मोजता येतं: रोझेन आणि सहकाऱ्यांनी नॉर्दर्न फर सीलवर टॅगसह आणि टॅगशिवाय मोजमाप केलं, आणि लहान टॅगनेही पोहण्याचा खर्च वाढतो हे २०१८ मध्ये दाखवलं. दुसरी वाट मला फार आवडते, कारण ती टॅगच्याच नोंदींत दडलेली असते. प्राणी शेपटी न हलवता घसरत जातो ते क्षण शोधा. त्या वेळी त्याला फक्त पाणी थांबवत असतं. वेगाचा व्यस्तांक काळाविरुद्ध मांडला तर जवळपास सरळ रेघ येते, आणि तिच्या चढावरून टॅगसकट पूर्ण प्राण्याचा ड्रॅग काढता येतो. खाली जाताना किंवा वर येताना तरंगण्याचा जोर मध्ये येतो, म्हणून शक्यतो आडवे सरकण्याचे क्षण निवडा. हा ड्रॅग तुमच्या कागदावरच्या अंदाजाच्या फार वर असेल तर टॅग सरकला, तिरपा झाला किंवा त्यावर काही वाढलं असं समजा.

वाढतंच. महिनोन् महिने समुद्रात राहिलेल्या टॅगवर शेवाळ येतं, मग कवचधारी जीव बसतात. होडीचा तळ खरवडला नाही तर डिझेल किती जास्त जातं हे कुठल्याही मच्छिमाराला विचारा. टॅगवर वाढरोधक रंगाचा पातळ हात द्या, आणि काम संपलं की टॅग गळून पडण्याची सोय आधीपासून ठेवा. गंजून तुटणारा जोड हा साधा आणि भरवशाचा मार्ग आहे.

भारतात देवमासे, डॉल्फिन आणि पॉरपॉईज यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे, त्यामुळे परवानगीशिवाय टॅग लावणं तर सोडाच, पकडणंही गुन्हा आहे. परवानगीच्या अर्जात वजनाच्या टक्क्याबरोबर ड्रॅगची टक्केवारीही लिहा, कुणी मागितली नसली तरी. गंगा डॉल्फिन या नदीतल्या जातीवर पहिला उपग्रह टॅग डिसेंबर २०२४ मध्ये आसाममध्ये बसवला गेला. भारतीय वन्यजीव संस्था, आसाम वनविभाग आणि आरण्यक ही संस्था यांनी मिळून एका निरोगी नरावर हलका टॅग लावला. हा डॉल्फिन क्षणभरच वर येतो, त्याच्या पाठीवर पंखाऐवजी बुटका उंचवटा असतो, आणि तो बऱ्याचदा कुशीवर पोहतो. समोरून येणाऱ्या सरळ प्रवाहाचं वरचं गणित त्याच्यावर जसंच्या तसं बसत नाही. अशा प्राण्यांसाठीच बाजूच्या प्रवाहाची चाचणी आधी करावी लागते.

अहवाल लिहिताना टॅगची लांबी, रुंदी, उंची, समोरचं क्षेत्रफळ, अँटेनाची लांबी, जाडी आणि कोन, नाकाडापासूनचं अंतर, आणि बसवल्यावर समोरून व बाजूने काढलेले फोटो द्या. नंतर येणारा कुणीही तुमच्या नोंदींतले वेग सुधारून घेऊ शकेल. वजनाखेरीज काहीच लिहिलं नसेल तर त्याला ते शक्य होत नाही.

आणि कधी कधी हिशेब टॅग लावू नका असंच सांगतो. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ राहणारा बिनपंखी पॉरपॉईज घ्या. साधारण चाळीस-पन्नास किलोचा, पाठीवर पंखच नाही, त्यामुळे पिनेला जागा नाही, आणि आपल्या डबीच्या टॅगने त्याच्यावर ४४ टक्क्यांची भर पडते. निमुळत्या कवचाने ती १३ टक्क्यांवर येईल, वर अँटेना वेगळी. माझ्या हातात निर्णय असता तर मी आज त्याच्यावर काही लावलं नसतं. तो सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास अरुंद पट्ट्यातले आवाज काढतो, माणसाच्या ऐकू येण्याच्या मर्यादेपलीकडचे आणि डॉल्फिनच्या आवाजांपासून वेगळे ओळखू येणारे. समुद्रतळाशी हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, ठेवले तर तो कुठल्या खाडीच्या तोंडाशी कोणत्या भरतीला येतो हे त्याच्या अंगाला हात न लावता कळतं. किती हायड्रोफोन, किती अंतरावर आणि किती खोल, तो हिशेब मग वेगळ्या पानावर सुरू करायचा.